बघायला येतो

आमच्या मंगळवार पेठेत दोन गोष्टींत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एक, रविवारचा टीव्ही. आणि दुसरी, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम.

ही बढाई नाही. बरं, थोडी आहे. पण साताऱ्यात जाऊन विचारा, जुनी माणसं अजून सांगतील.

गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आमच्याकडे आला, पोवई नाक्यावरच्या दुकानातून. एकवीस इंची! हॉलमध्ये टेबलावर तो असा ऐटीत बसायचा, जणू पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. त्याच्यावर मी स्वतः भरलेलं मोरांचं झाकण. रविवारी सकाळी ते झाकण मी उचललं की अख्खी गल्ली आत. सकाळी गाणी, मग देवादिकांची मालिका, दुपारी कर्णबधिरांच्या बातम्या (त्यासुद्धा आम्ही कान देऊन ऐकायचो) आणि संध्याकाळी सिनेमा. देवांची मालिका लागली की शेजारच्या विनोदिनीताई टीव्हीसमोर उदबत्ती लावायच्या, आणि सिनेमात भांडण लागलं की तीच उदबत्ती हलवून खलनायकाला हाकलायच्या. कोणी कुठे बसायचं ते मी ठरवत असे. मुलं पुढे, बायका मधे, उंच माणसं भिंतीला. मधेच उठला त्याची जागा गेली. तक्रार चालायची नाही.

मुलगी दाखवण्यातही माझी अशीच शिस्त. दोन पुतण्या आणि एक भाची माझ्याच हॉलमधून बोहल्यावर चढल्या. त्यातून मी एक नियम शिकले होते. मुलगी दाखवताना हॉलमध्ये तिच्याशिवाय दुसरं बघण्यासारखं काही ठेवायचं नाही. भाचीच्या वेळी मी गाफील राहिले. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. मुलाने सगळा वेळ क्रिकेट बघितलं, उठताना ‘पसंत आहे’ म्हणाला, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी बघून दचकला.

आता पाळी आमच्या संयोगिताची होती. संयू एकवीस पूर्ण, बी.कॉम. झालेली, शिवणकामात हुशार, आणि डोकं माझ्यासारखं. म्हणजे कोणाचं न ऐकणारं. तिची अट एकच, मुलगा हसरा पाहिजे. आलेली सगळी स्थळं तिने एवढ्यावर परत पाठवली होती. एक तर चांगला इंजिनियर होता. “आई, तो पोहेसुद्धा रागाने खात होता,” म्हणाली. ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा मी ठरवलं, या उन्हाळ्यात हिचं लग्न करायचंच.

आणि देवाने ऐकल्यासारखा जानेवारीत निरोप आला.

माझी नणंद कडेगावला दिलेली. तिचे थोरले दीर बाळासो, त्यांची बायको शालूबाई, आणि त्यांचा मुलगा कृष्णात फौजेत. घर चांगलं, उसाची जमीन, माणसं सरळ. निरोप घेऊन आला आकाराम. हा त्या बाजूच्या एसटीवर कंडक्टर होता. भाजलेल्या शेंगांची पिशवी दारात ठेवून तो म्हणाला, “येत्या रविवारी बाळासो, शालूबाई आन म्हातारी बघायला येत्यात. पयल्या गाडीनं. तयार ठेवा म्हनलंय.”

मी लगबगीने पुढे झाले. “कृष्णातासाठी?”

“व्हय, कृष्णाताचंच. त्यो दिल्लीत हाय, त्यो कसा येतोय? घरची बघनार.”

“पसंत पडेल ना हो?”

“न पडाय काय झालं? तुमच्याकडची म्हंजी चांगलीच असनार,” आकाराम म्हणाला. “फकस्त म्हातारीला कमी दिसतं. जवळनं बघू द्या.”

आता खरी गोष्ट ऐका. ती मला सोडून अख्ख्या कडेगावाला माहीत होती. कृष्णाताला दोन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती. त्या साली त्याच्या पलटणीची तुकडी दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनात चालणार होती, आणि तुकडीत कृष्णात होता. म्हणजे तो टीव्हीवर दिसणार होता. किती वेळ? भाकरी तव्यावर फुगते तेवढाच. पण त्याच्या आईला तेवढं बघायचं होतं. कडेगावच्या पंचायतीत एक टीव्ही होता, पण तो छोटा, काळापांढरा, आणि त्यात माणसं कमी आणि मुंग्याच जास्त. तेव्हा माझ्या नणंदेने शालूबाईंना सांगितलं, माझ्या भावाकडे साताऱ्याला जा, तिथे रंगीत आहे. ती स्वतः बरोबर आली असती तर पुढचं काही घडलं नसतं, पण नेमकी तिच्या उसाला तोड आली.

आणि एक गोष्ट. आम्ही पेठेतली माणसं ‘तो टीव्ही’ म्हणायचो. कडेगावात टीव्ही ‘ती’. टीव्ही लावली, टीव्ही बिघडली, टीव्ही बघाय गेलो. एवढ्या एका ‘ती’पायी सगळं रामायण.

मी तयारीला लागले. पहिलं काम, टीव्ही हॉलमधून हलवणे! नियम म्हणजे नियम. शिवाय रविवार, गल्ली बसायला येणार. म्हणून ठरवलं, टीव्ही एक दिवस विनोदिनीताईंच्या घरी. शनिवारी संध्याकाळी मी आणि आमचे हे, हंबीरराव, असे दोघांनी तो उचलला. हे पाटबंधारे खात्यात होते, ओझं उचलायची सवय नव्हती. वाटेत म्हणाले, “अगं, उद्या सव्वीस जानेवारी. परेड असते. पाहुण्यांना बघायला बरी वाटली असती.”

“परेड दरवर्षी असते,” मी म्हणाले. “मुलगी एकच आहे. नीट धरा.”

अँटेना आमच्याच गच्चीवर राहिली. तिची चपटी वायर बोळावरून ओढून ताईंच्या खिडकीतून आत घेतली. ताईंना मी बजावलं, पाहुणे आले की दार आतून लावा. अख्खी गल्ली शेजारी दंगा करतेय हे त्यांना कळता कामा नये. कोणीही दार वाजवलं तरी उघडू नका, आवाज बंद करून गप्प बसा. फौजी घराणं आहे, त्यांना शिस्त लागते.

टेबल रिकामं भकास दिसायला लागलं. त्यावर मी संयूचं हाताने चालवायचं शिलाई मशीन ठेवलं आणि वर तेच मोरांचं झाकण घातलं. अगदी मापात बसलं. बेत असा होता, की ऐन वेळी झाकण उचलायचं आणि सहज म्हणायचं, घरातले सगळे पडदे हिनेच शिवलेत. त्या मशीनसमोर संयूची खुर्ची. मी लांबून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले.

रविवारी सकाळी हे झेंडावंदनाला ऑफिसात गेले आणि थोड्या वेळात पाहुणे हजर. इतक्या सकाळी मुलगी बघायला कोणी येत नाही, पण मला त्याचंही कौतुक वाटलं. तांबडा फेटा बांधलेले बाळासो. नवं इरकल नेसलेल्या शालूबाई. आणि बाळासोंची आई धोंडुबाई. त्यांना कमी दिसायचं, त्याहून कमी ऐकू यायचं, आणि बोलण्यात मात्र काही कमी नव्हतं. शालूबाईंच्या पिशवीतून निरांजनाचं ताट, हळदकुंकू आणि नारळ डोकावत होता. माझे डोळेच भरून आले. म्हणजे आजच ओटी भरून बोलणी पक्की करणार!

तिघं आले आणि काय केलं, तर आपापल्या खुर्च्या उचलून मोरांच्या झाकणाकडे तोंड करून बसले. बाळासोंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“वैनी, दावा लौकर. टाइम हुईल.”

मला वाटलं मुहूर्त काढून आलेत. मी म्हणाले, आधी पोहे घ्या, गरम आहेत. पोहे नंतर, आधी बघू, असं बाळासोंचं म्हणणं. शालूबाई नुसत्या झाकणाकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी मनात म्हटलं, किती गरीब सासू आहे.

“केवढी हाय?” बाळासोंनी विचारलं.

“एकवीस पूर्ण.”

“एकवीस! बघ, म्हनलं न्हवतं, मोठी असंल?” ते बायकोकडे वळले. मग मला म्हणाले, “आमच्या पंचायतीतली चौदाची हाय.”

“चौदाची? अहो, म्हणजे शाळेतली!”

“व्हय, शाळंसाठीच आनल्याली. मग सरपंचांनी उचलून पंचायतीत बशीवली.”

असलं गाव! पण म्हटलं, गाव कसं का असेना, घर चांगलं आहे.

तेवढ्यात धोंडुबाईंनी विचारलं, “रंग कसा हाय?”

“निमगोरा,” मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

“निम्माच?” म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. “धाकली सून म्हनली, पुरा रंग हाय!”

मी जरा दुखावले. पण मुलीच्या आईने ऐकून घ्यायचं असतं. मग शालूबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज अगदी हळू.

“वैनी, मधीच बंद न्हाई न्हवं पडत?”

“नवीन माणसांसमोर जरा गप्प होते,” मी म्हणाले. “लाजाळू आहे. सरावली की बोलते.”

“त्याची नका काळजी करू,” बाळासो हसून म्हणाले. “आमची बंद पडली का मी डाव्या अंगाला एक बुक्की घालतो. लगीच बोलाय लागती.”

मी शालूबाईंकडे बघितलं. वाटलं, ही बाई आता रडेल. ती शांतपणे मान हलवत होती. “ह्यांचीच बुक्की लागू पडती,” म्हणाली. “दुसऱ्या कुनाची न्हाई.”

मी उठले ती तडक स्वयंपाकघरात. संयू चहाचा ट्रे घेऊन तयार होती. मी तिला सांगितलं, बाहेर यायचं नाही, स्थळ मोडलं, हा माणूस बायकोला बुक्क्या मारतो आणि पाहुण्यांसमोर सांगतो. मी मुलगी विहिरीत ढकलीन पण त्या घरात देणार नाही.

“मग तर मला बघायलाच पाहिजे कसा दिसतो,” संयू म्हणाली आणि ट्रे घेऊन सरळ बाहेर. डोकं माझं ना!

ती हॉलमध्ये गेली, चहा दिला, आणि तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर, म्हणजे बरोबर मोरांच्या झाकणासमोर, ताठ बसली. बाळासोंच्या डोळ्याला डोळा भिडवून. बाळासोंनी मान डावीकडे काढली. संयू डावीकडे झुकली. त्यांनी उजवीकडे काढली. ती उजवीकडे. शेवटी त्यांनी गयावया केली.

“बाळ, वाईच बाजूला सर. तुज्याआड काय दिसंना झालंय.”

इतक्या वर्षांत इतके कार्यक्रम केले, मुलीला बाजूला हो म्हणणारे पाहुणे पहिल्यांदाच बघितले. आणि धोंडुबाई उठल्या. काठी टेकत टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “किती वाट बघायची? झाकान काडा की!” त्यांनीच ते काढलं.

शिलाई मशीन.

म्हातारीने डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं. चाकाचा दांडा हाताला लागला म्हणून फिरवला. खडखडखडखड. तिने कानामागे हात धरून ऐकलं आणि लेकाकडे वळली.

“बाळू, आवाज येतोय. पन चित्र न्हाई.”

मग शालूबाई उठून माझ्यासमोर आल्या. त्यांच्या हातात निरांजनाचं ताट होतं.

“वैनी, टीव्ही कुठं हाय?” त्या म्हणाल्या. “माजा कृष्णात दिसनार हाय हो त्यात. दोन वरसं झाली, बघितला न्हाई मी त्याला.”

काही क्षण असे असतात, की माणसाला एकदम सगळं कळतं. पंचायतीतली चौदा. निम्मा रंग. डाव्या अंगाची बुक्की. सगळं माझ्या डोळ्यांसमोरून संचलन करत गेलं. मी फक्त दाराकडे बोट दाखवलं. संयूला माझ्याआधी समजलं होतं. तिने एका हाताने म्हातारीला धरलं, दुसऱ्या हाताने शालूबाईंना, आणि धावली. मागे बाळासो, आणि सगळ्यात मागे पैठणीच्या निऱ्या सावरत मी.

विनोदिनीताईंच्या दाराआड बँड वाजत होता. परेड चालू होती! मी दार धडाधडा वाजवलं. बँड थांबला. आत असं चिडीचूप, जणू घर रिकामं.

“ताई, मी आहे! दार उघडा!”

“इथे कोणी नाही,” आतून विनोदिनीताईंचा आवाज आला.

माझीच शिस्त. तीस-पस्तीस माणसं श्वास धरून आत बसली होती. मी ओरडले, शपथ घातली, टीव्ही माझा आहे म्हणून सांगितलं. कोणी हललं नाही. बाळासो घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत होते. शालूबाईंनी दाराला नुसता हात टेकवला होता. शेवटी संयू खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, “ताई, स्थळ मोडलं.”

दार तात्काळ उघडलं. काय झालं, कसं झालं, कोणी मोडलं, म्हणत सगळ्या बायका पुढे आल्या. आम्ही त्यांच्यातून वाट काढत आत घुसलो. पडद्यावर सीमेवरचे उंट डुलत चालले होते. निवेदकाने सांगितलं, यानंतर पायदळाच्या तुकड्या. शालूबाई मटकन खाली बसल्या, अगदी पडद्यासमोर. मी म्हटलं, देवा, तू आहेस.

आणि बाळासो आत आले. उंच माणूस, त्यात फेटा. खिडकीतून आत घेतलेली वायर फेट्यात अडकली. त्यांना वाटलं कोणीतरी मागून धरलंय, म्हणून त्यांनी फौजीच्या बापाला शोभेल असा हिसका दिला. गच्चीवर काहीतरी करकरलं. आमच्या अँटेनेने अजिंक्यताऱ्याकडे केलेलं तोंड कोरेगावकडे फिरवलं.

उंट गेले. मुंग्या आल्या.

बाळासो गच्चीकडे निघाले, पण त्यांचा फेटा वायरीत आणि वायर खिडकीत. तिघी बायका त्यांना सोडवत होत्या आणि आणखी गुंतवत होत्या. उशीर करून चालणार नव्हतं. मी निघाले. पैठणी खोचली, आमच्या घराचा जिना चढले, गच्चीवर गेले आणि अँटेनेचा लोखंडी दांडा धरला. खिडकीतून संयू ओरडली, आणखी इकडे, जरा वर, थांब, आता हलू नकोस! चित्र आलं होतं. मी दांडा सोडला. मुंग्या. धरला. चित्र. माझ्या अंगात काय होतं देव जाणे, पण मी दोन्ही हातांनी दांडा कवटाळला तरच दिल्ली साताऱ्यात येत होती.

तेव्हा मी तशीच उभी राहिले. पायाच्या चवड्यांवर, हात उंच, पैठणीचा पदर वाऱ्यावर फडफडतोय. खालून बँडचा आवाज येत होता. त्यात बुटांचा ठेका मिसळला. माणसं एकदम गप्प झाली.

“दिसला का?” मी विचारलं.

“अहो, दिसला का कोणाला?”

कोणी बोलेना. हात भरून आले होते, नाकावर माशी बसली होती, पण मी हलले नाही. त्या शांततेत मला शालूबाईंचा आवाज ऐकू आला. रडतायत की हसतायत कळेना.

“त्यो बगा,” त्या म्हणत होत्या. “त्यो बगा माजा.”

नेमके तेव्हाच आमचे हे झेंडावंदन उरकून बोळात शिरले. वर बघितलं, तर लोखंडी दांड्याला बिलगून फडफडणारी बायको. सकाळपासूनच्या सवयीने त्यांच्या टाचा जुळल्या आणि हात कपाळाकडे गेला. मग तोच हात त्यांनी कपाळावर मारून घेतला.

खाली काय झालं ते मला नंतर संयूने सांगितलं. तुकडी समोर आली तेव्हा शालूबाईंच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं, की त्यांना काही दिसेना. सगळे जवान सारखे, सगळ्यांची तोंडं दगडासारखी. संयूने कृष्णाताला पूर्वी एकदाच, नणंदेच्या घरच्या जत्रेत बघितलेलं. पण तिला तो कडेच्या रांगेत सापडला. अख्ख्या तुकडीत एकट्याच्याच ओठाचा कोपरा जरासा वर गेला होता. आई बघतेय हे त्याला ठाऊक होतं ना. संयूने पदराने शालूबाईंचे डोळे पुसले, त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं आणि म्हणाली, “काकी, हा. हसतोय तो.” शालूबाईंनी तो पुढे जाईपर्यंत बोट काचेवरून उचललं नाही. मग ताट ओवाळलं, तोवर दिल्लीत शाळेची मुलं नाचायला लागली होती. त्यांना ओवाळलं. धोंडुबाई मात्र शेवटपर्यंत सांगत राहिल्या, की त्यांचा नातू उंटावर होता.

पोहे गार झाले होते. सगळ्यांनी तेच खाल्ले. जाताना शालूबाईंनी नारळ संयूच्या हातात दिला. मी लाजेने इतकी अर्धी झाले होते, की खरं काय समजले होते ते मी त्यांना सांगितलंच नाही. म्हटलं, झाकली मूठ असू दे.

पंधरवड्यात आकाराम पुन्हा दारात. “बाळासोंचा निरोप हाय,” म्हणाला. “पसंत हाय. समद्यांस्नी लय आवडली. कवा न्यायची, कळवा.”

या वेळी मी हसले. एकदा फसले म्हणून काय दरवेळी फसणार? माणूस अनुभवाने शहाणा होतो. मी आकारामला पाणी दिलं, बसवलं आणि निरोप नीट समजावून सांगितला. त्यांना बरोबर कळावं म्हणून मुद्दाम त्यांच्याच पद्धतीने ‘ती’ म्हणाले.

“त्यांना सांगा, आमची कशाला नेता? आता जुनी झाली. अख्खी गल्ली रोज बघते. अधूनमधून मुंग्यासुद्धा येतात. त्यापेक्षा पोवई नाक्यावर चला, तिथे हिच्याहून चांगल्या आहेत. मी स्वतः बरोबर येऊन एक निवडून देते.”

आकारामने माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं त्याला उन्हाचा त्रास झाला.

दोन दिवसांनी पहिल्याच गाडीने शालूबाई आल्या. एकट्या. आयुष्यात कधी एकट्या एसटीत बसल्या नव्हत्या. चपला काढल्या, आत आल्या, आणि टीव्हीकडे ढुंकूनही न बघता संयूसमोर जाऊन बसल्या. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“खरं सांग बाय. मुंग्या हाताला येत्यात का पायाला?”

संयूने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर मोरांचं झाकण होतं. त्यानेही काही मदत केली नाही.

शालूबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. गावच्या वैदूचं तेल. “रोज राच्याला चोळ, जात्यात,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून जरा रागानेच बोलल्या, “वैनी, एवढ्यावरनं पोरगी सोडतो व्हय आमी? आन ह्यांनी इचारलंय, पवई नाक्यावर ऱ्हातं तरी कोन? आमाला न्हाई तिथली बघायची. माज्या लेकाला जिनं वळखला, तीच पायजे.”

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. एकवीस, निमगोरी, बुक्की, सगळं. शालूबाई हसून हसून जमिनीवर आडव्या झाल्या. संयू मात्र हसत नव्हती. ती लाल झाली होती. “आई,” ती म्हणाली, “तो हसरा आहे. मी बघितलाय.”

मे महिन्यात लग्न झालं. कृष्णातराव आमचे जावई झाले. परेडमध्ये हसल्याबद्दल त्यांना मैदानाला किती फेऱ्या माराव्या लागल्या, ते अजून सांगत नाहीत. बाळासो मात्र विहीणबाईंना मान म्हणून मला दर दिवाळीला विचारतात, पवई नाक्यावर दुसरी कोन भेटंल का!

तेलाची ती बाटली? ती माझ्याकडेच राहिली. संयूला काही झालेलंच नव्हतं. पण खरं सांगते, त्या दांड्याला धरून उभी राहिल्यापासून माझ्या दोन्ही हातांना रोज रात्री मुंग्या येत होत्या. चांगला गुण आला.